दुसऱ्याचे मेल न वाचणारे भावजी

रेवा आणि ओम, आपल्या नात्यागोत्यात मी आजवर जेवढी माणसं पाहिली, त्यांतला सर्वांत सभ्य माणूस म्हणजे ज्याच्या घराला दार नव्हतं तो. हे वाक्य मी विचार करून लिहिते आहे. गेल्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर भांडलात तेव्हापासून ते माझ्या डोक्यात आहे. रेवा, तू ऑफिसच्या ईमेलवरून तुझ्या आईला लिहिलंस की साहेबांना कंटाळले आहे, नोकरी सोडावीशी वाटते. आणि आठवड्याभरात कंपनीच्या कर्मचारी विभागातल्या बाईंनी तोच मेल छापून तुझ्यापुढे ठेवला. तू सांगता सांगता रडलीस. ओम म्हणाला, कंपनीचा मेल, कंपनीचा हक्क, नोकरीत शिरताना तू तशी सही केली होतीस. मग तुमचा आवाज चढला, तुमची आई मध्ये पडली आणि कोणीतरी फोन ठेवून दिला. मला कोणी काही विचारलं नाही. पण या विषयावर मला बोलायचं आहे, कारण आमच्या कॉलेजात हेच प्रकरण झालं होतं आणि ते ज्यांच्या हाताने मिटलं ते तुमच्या आजोबांचे मावसभाऊ होते. तुम्ही लहान असताना त्यांना पाहिलं आहे. लांबूनच खोकत यायचे, ते. तुम्हाला वाटायचं त्यांना दमा आहे. दमा नव्हता. ती त्यांची दारावरची बेल होती.

मी त्यांना भावजी म्हणायचे. ते मला घरी वहिनी म्हणायचे आणि कॉलेजात मॅडम, आणि या दोन बायकांची आपसात ओळख आहे हे त्यांनी नोकरीच्या सबंध काळात एकदाही मान्य केलं नाही. मी इंग्रजी शिकवत होते, पुढे उपप्राचार्य झाले. ते कॉलेजच्या कचेरीचे अधीक्षक होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले होते. पुरणपोळी वाढता वाढता मी सहज विचारलं, "भावजी, माझी रजा मंजूर झाली का हो?" त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "त्ये उद्या अकराला मॅडमना सांगीन." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी अकराला माझ्या केबिनच्या दारात उभं राहून, खाकरून, "मॅडम, आपली रजा मंजूर झालेली आहे," असं सांगून गेले. पुरणपोळीचं नाव नाही. त्यांच्या बायकोचा गुडघा फार दुखत असे, मी केबिनमध्ये त्याची चौकशी केली, तर म्हणाले, "त्ये घरचं हाय. वहिनींना सांगीन." तुमचे आजोबा म्हणायचे, याच्या डोक्यात मधोमध भिंत आहे. मी म्हणायचे, भिंत आहे, पण मन बघा किती मोकळं आहे.

भावजी शनिशिंगणापूरचे. तिथल्या जुन्या घरांना चौकट असते, दार नसतं. फार तर कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी आडवी लावतात, नाही तर पडदा सोडतात. बाहेरून आलेले लोक ते बघून थक्क होतात, फोटो काढतात आणि चोरी कशी होत नाही एवढंच विचारतात. भावजींना या प्रश्नाचा राग यायचा. ते म्हणत, "चोराचं सोडा. शेजाऱ्याचं काय करता त्ये सांगा." त्यांच्या आईने त्यांना लहानपणी शिकवलं होतं की दुसऱ्याच्या घरी जायचं तर अंगणाच्या कडेला थांबायचं, खाकरायचं, हाक मारायची. आतून 'या' आलं तर पुढे पाऊल टाकायचं, नाही तर तिथूनच परत फिरायचं, आणि का नको म्हणाले ते विचारायचं नाही. एवढं शिक्षण त्यांना जन्मभर पुरलं. आमच्या नगरच्या फ्लॅटला दार होतं, कडी होती, कुलूप होतं, बेल होती. भावजी बेलला हात लावत नसत. एकदा मी आंघोळीला गेले होते, रेडिओ चालू होता, आणि भावजी जिन्यात उभे राहून हाका मारत राहिले. शेवटी शेजारच्या बाईंनी त्यांना तिथेच पायरीवर चहा दिला. मी दार उघडल्यावर चिडून म्हटलं, "अहो, बेल कशासाठी लावली आहे?" तर म्हणाले, "बेल वाजली की मानसाला उठून दार उघडावंच लागतं, वहिनी. हाक मारली तर गप ऱ्हायची सोय असती."

स्वतःचं मात्र सगळं उघडं. त्यांच्या स्कूटरला कुलूप नसायचं, डबा टेबलावर उघडा, पगाराची पावती काचेखाली सगळ्यांना दिसेल अशी. घोडेगावच्या बाजारात बैल विकताना त्यांनी गिऱ्हाइकाला बैलाचे सगळे दोष आधी सांगितले आणि गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं. स्वतःच्या तब्येतीचं वर्णन ते कोणालाही, कुठल्याही वेळी, अगदी बारीकसारीक तपशिलासह करत, विशेषतः जेवताना. पण दुसऱ्याचा साधा पोस्टकार्डाचा मजकूर त्यांच्या डोळ्यांना सहन होत नसे. पोस्टकार्डं येत होती त्या काळात कॉलेजच्या पत्त्यावर कोणाचं कार्ड आलं, तर भावजी ते डोळे किलकिले करून पत्त्याच्या बाजूने उचलायचे, स्वतःच्या खर्चाने आणलेल्या पाकिटात घालायचे आणि पाकीट चिकटवून ज्याचं त्याला द्यायचे. आमच्या हिंदीच्या सरांना त्यांच्या काकांचं कार्ड आलं होतं, सगळे मजेत आहोत एवढंच लिहिलेलं. ते बंद पाकिटातून आल्यामुळे सर घाबरले आणि उघडायच्या आधी खुर्चीत बसले.

कचेरीत टेबलं जवळजवळ होती. दुसऱ्याच्या टेबलापाशी जाताना तिथल्या कागदांवर नजर पडू नये म्हणून भावजी छताकडे बघत चालायचे. त्यामुळे प्राचार्यांच्या दारातल्या कुंडीला त्यांनी इतक्यांदा लाथ मारली की शेवटी कुंडीच हलवावी लागली. फोनचा प्रकार तर त्याहून मोठा. कचेरीत फोन एकच, आणि कोणी घरचं काही बोलू लागलं की भावजी, ऐकू येऊ नये म्हणून, मोठ्या आवाजात एकोणतिसाचा पाढा म्हणू लागत. त्यांचा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की 'एकोणतीस दुणे अठ्ठावन्न' ऐकू आलं की पार प्रयोगशाळेपर्यंत सगळ्यांना कळायचं, कोणाच्या तरी घरी काहीतरी घडलं आहे. लोक कामं टाकून बघायला यायचे. आमचे रोखपाल एकदा फोनवर बायकोची समजूत काढत होते, भावजी 'त्रिक सत्त्याऐंशी'ला पोचले, आणि रोखपाल रिसीव्हरवर हात ठेवून ओरडले, "भाऊसाहेब, तुमी गप बसा, मंग तरी कोनाला कळायचं न्हाई!" भावजींना हे पटलं नाही. त्यांनी आवाज थोडा कमी केला, इतकंच.

अशा माणसाच्या हातात एक दिवस सगळ्यांच्या मेलच्या किल्ल्या आल्या. त्याचं असं झालं की संस्थेने सर्व कर्मचाऱ्यांसाठी ईमेलचे पत्ते घेतले. पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला. तो म्हणाला, सगळ्या खात्यांवर देखरेख ठेवायला एक जबाबदार माणूस लागेल. कोणी पासवर्ड विसरलं तर तो नवा देईल. प्राचार्यांनी, मी, सगळ्यांनी एकमताने भावजींचं नाव घेतलं. या कॉलेजात न बघण्याचा एवढा सराव दुसऱ्या कोणालाच नव्हता. भावजींनी त्या इंजिनिअरचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे ह्या अधिकारात मला कोनाचीबी पेटी उघडता येती?"

"हो काका. कोणाचीही."

"मंग तेवढी सोय काढून टाका."

"ती निघत नाही काका. ती सिस्टीममध्येच आहे."

भावजी दिवसभर अस्वस्थ होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक पडदा आणला. त्यांच्या बायकोने जुन्या नऊवारीतून शिवलेला, खाली काठ असलेला. तो त्यांनी त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर सोडला. कोणाला नवा पासवर्ड हवा असेल तर भावजी आधी खाकरत, पडदा अर्धा वर करत, काम संपलं की खाली सोडत. प्रवेशासाठी आलेले एक पालक त्या पडद्यासमोर चपला काढून हात जोडून गेले. भावजींनी त्यांना अडवलं नाही. म्हणाले, "जाऊ द्या, त्येंनी आत तर बघितलं न्हाई ना!"

आता तेव्हाचं आमचं वागणं सांगते, म्हणजे तुम्हाला हसू येईल. घरी इंटरनेट थोड्यांकडेच होतं. त्यामुळे मधल्या सुट्टीत सगळं कॉलेज संस्थेच्या मेलवरून आपापला संसार चालवायचं. भौतिकशास्त्राचे सर डाळिंबाच्या रोपांची चौकशी करायचे. क्रीडाशिक्षक रोज सकाळी सगळ्यांना गुलाबाची फुलं पाठवायचे. रोखपालांनी मुलीचं लग्न बोलण्यापासून मांडवापर्यंत त्याच पत्त्यावरून जमवलं. आणि आमच्या ग्रंथपालबाई सुट्टीची घंटा झाली की डबा न उघडता कॉम्प्युटरपाशी बसायच्या, काहीतरी लिहायच्या, मग उत्तराची वाट बघायच्या. कोणाला लिहितात हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. चाळिशीच्या बाई, बोलायला कमी, पुस्तकांना पोटच्या पोरासारखं जपणाऱ्या. त्या बसल्या की भावजी उठून व्हरांड्यात जायचे.

त्या वर्षी संस्थेला नवे सचिव मिळाले. तरतरीत माणूस, कामाचा, पण ऐकून घ्यायची सवय नसलेला. त्यांच्या पुतण्याची हळद कॉलेजच्या वाचनालयात झाली. मंगल कार्यालयं सगळी भरलेली होती आणि वाचनालयाचा हॉल मोठा. ग्रंथपालबाईंनी हरकत घेतली होती, ती कोणी ऐकली नाही. सोमवारी आम्ही आलो तर संदर्भग्रंथांच्या कपाटाला जिलबीचा पाक चिकटलेला, आणि ज्ञानकोशाच्या एका खंडावर पिवळे पंजे. पुढे महिन्याभरात विद्यापीठाकडून विचारणा आली: आपल्याकडे वाचनालयाचा असा वापर होतो अशी तक्रार आहे, खुलासा करावा. सचिव भडकले. तक्रार कोणी केली असेल याविषयी त्यांना शंकाच नव्हती. त्यांनी भावजींना बोलावून सांगितलं, ग्रंथपालबाईंची मेलपेटी उघडा, सगळं छापून आणा, शुक्रवारी बसू.

बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

"मॅडम, तक्रार मी केलेली नाही. केली असती तर सांगितलं असतं."

"मग घाबरता कशाला? बघू दे त्यांना."

"त्यात माझं घरचं आहे, मॅडम. जे घरीसुद्धा कोणाला माहीत नाही ते आहे. ते या लोकांनी वाचलं, तर मला उद्यापासून या फाटकातून आत येता येणार नाही."

मी पुढे विचारलं नाही. विचारायला नको, एवढं मी भावजींच्या सहवासात शिकले होते. पण काळजी वाटली. भावजींच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि त्यांची कागदपत्रं याच सचिवांच्या सहीने पुढे जायची होती. संध्याकाळी ते आमच्या घरी आले, तेव्हा मी चहा पुढे ठेवून म्हटलं, "भावजी, शुक्रवारचं काय करणार आहात?" ते म्हणाले, "वहिनी, त्ये कालेजचं हाय." एवढंच. पण चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही, आणि त्या दिवशी येताना ते पहिल्यांदाच खाकरायचे विसरले होते.

शुक्रवारी आम्ही मीटिंग हॉलमध्ये जमलो. सचिव, प्राचार्य, मी, ग्रंथपालबाई आणि भावजी. मोठा पडदा लावलेला, प्रोजेक्टर चालू. भावजींनी छापून काहीच आणलं नव्हतं. सचिव म्हणाले, "ठीक आहे, इथेच उघडा. सगळ्यांसमोर होऊ द्या."

भावजी उठले. कॉम्प्युटरकडे न जाता ते ग्रंथपालबाईंच्या खुर्चीपासून चार हात लांब जाऊन उभे राहिले, खाकरले आणि शेताच्या बांधावरून मारावी तशी हाक मारली, "बाई, हायेत का घरात?"

बाई दचकल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "आहे."

"येऊ का?"

"नको, भाऊसाहेब."

भावजी सचिवांकडे वळले. "नको म्हनत्यात, साहेब."

"ही काय थट्टा चालवली आहे?"

"थट्टा न्हाई. आमच्याकडं दार नसतंय. आमची कडी हीच."

"भाऊसाहेब, तुमचं गाव तुमच्या गावात. हे ऑफिस आहे. कॉम्प्युटर संस्थेचा, लाईट संस्थेची, इंटरनेट संस्थेचं. मग मेल कोणाचा?"

"संस्थेचं घर, व्हय. मी कुठं न्हाई म्हनतो. पर भाडेकरू ठेवला म्हनून घरमालक न विचारता त्येच्या चुलीपाशी जाऊन बसतो का? आदी 'येऊ का' म्हनून तरी इचारल."

सचिवांनी टेबलावर हात मारला. प्राचार्य चष्मा पुसू लागले. मला वाटलं, आता संपलं. निवृत्तीची कागदं गेली, बाईही गेल्या. तेवढ्यात भावजी अगदी उत्साहाने म्हणाले, "साहेब, तुमाला पेटी उघडलेलीच बघायची ना? मंग माजी बघा की. माझं काय झाकलेलं न्हाई. मी सोता वाचून दावतो. त्यात काय निघतं त्ये बघा, आन मंग बाईंचं ठरवा." कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःचा पासवर्ड, जो सबंध कचेरीला माहीत होता, घातला आणि त्यांची पेटी भिंतीएवढी होऊन आमच्यासमोर उभी राहिली.

पहिला मेल त्यांनी स्वतःच मुलीला पाठवलेला होता. तो ते खणखणीत आवाजात वाचू लागले: "चि. बाळी, माझ्या मूळव्याधीला आता पुष्कळ उतार आहे." प्राचार्यांनी मान खाली घातली. भावजी निर्धास्त होते. "तुझ्या सासूबाईंनी जे..." इथे ते थांबले. त्यांनी ओळ मनात वाचली, पुन्हा वाचली. म्हणाले, "ह्ये तिच्या सासूबाईंचं हाय. त्या हितं न्हाईत." आणि पुढच्या मेलवर गेले. तो भौतिकशास्त्राच्या सरांचा होता. "ह्ये सरांचं." त्यापुढचा रोखपालांचा. "ह्ये त्येंच्या मुलीच्या लग्नाचं." भाच्याचा. "त्येचं त्येला इचारल्याबिगर कसं?" ते एकेका मेलच्या नावावर बोट ठेवत खाली सरकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता. इतकी वर्षं ज्याला ते आपलं उघडं घर समजत होते, त्यात खोल्या-खोल्यांतून दुसरीच माणसं बसलेली होती. शेवटी ते आमच्याकडे वळून, हरवल्यासारखे म्हणाले, "माझ्या पेटीत माझं काहीच न्हाई की!"

बाईसुद्धा क्षणभर स्वतःची काळजी विसरून त्यांच्याकडे बघत होत्या. आणि मग भावजींचा चेहरा एकदम उजळला. "हां! ह्यो वाचता येईल. ह्यो साहेबांचा हाय, मागल्या दिवाळीतला. साहेब हितंच हायेत." ते लगबगीने कॉम्प्युटरपासून चार पावलं मागे सरले, सचिवांच्या समोर उभे राहिले आणि खाकरले. "साहेब, येऊ का?"

सचिवांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे त्यांचं नाव होतं आणि विषयाच्या जागी फक्त 'वैयक्तिक' असा शब्द. त्यांना त्या दिवाळीचं काय आठवलं ते तेच जाणोत. त्यांनी भावजींकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"नको," ते म्हणाले.

"बरं," म्हणून भावजींनी प्रोजेक्टर बंद केला, त्यांना तो दिवसातला पहिला सरळ व्यवहार वाटला असावा तसा. मग त्यांनी विचारलं, "मंग बाईंचं?" सचिव उठता उठता म्हणाले, "बघू नंतर." भावजी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. "नंतर म्हंजी कवा, साहेब? बाईंना तवा घरात थांबायला सांगीन, म्हनून इचारतो." ते 'नंतर' कधी आलंच नाही. तक्रार विद्यार्थ्यांनी साध्या पोस्टाने पाठवली होती हे पुढे उघड झालं. मेलशी तिचा काही संबंधच नव्हता.

कॉलेजात त्यानंतर भावजींची कीर्ती फार वाढली. लोक म्हणू लागले, काय डाव टाकला, काय पेच घातला, सचिवांना बरोबर कोपऱ्यात गाठलं. भौतिकशास्त्राचे सर तर म्हणाले, "याला म्हणतात राजकारण." मी त्यांना ओळखत होते म्हणून सांगते, तो डाव नव्हता. त्यांना खरंच वाचायचा एक मेल सापडला होता, मालक समोर होता, म्हणून त्यांनी विचारलं. साहेब 'या' म्हणाले असते तर भावजींनी तो मूळव्याधीच्या त्याच आवाजात वाचून काढला असता, आणि मग काय झालं असतं याचा विचार करून मला अजूनही घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला एक नियम लिहायला सांगितला. मी तो मराठीत आणि इंग्रजीत लिहिला: कोणाचीही मेलपेटी उघडायची झाल्यास ज्याची त्याला समोर बसवून, विचारून उघडावी, तो नको म्हणाल्यास कारण लेखी द्यावं. सचिवांनी सही केली. त्यांनी भावजींच्या निवृत्तीच्या कागदांवरही वेळेत सही केली, हे त्यांच्याविषयी सांगायला हवं.

ग्रंथपालबाई आठवड्याने पेरू घेऊन कचेरीत आल्या. त्यांना कृतज्ञता वाटत होती, आणि वाटलं असावं की ज्या माणसाने आपल्यासाठी एवढं केलं त्याला तरी सांगावं. म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी त्या मेलवर कोणाला लिहीत होते, ते तुम्हाला सांगते..." भावजींनी लगेच पाढा सुरू केला. बाई हसू लागल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भावजी पाढा म्हणतच पेरू कापत राहिले. त्या मेलमध्ये काय होतं ते मला आजही माहीत नाही. बाई निवृत्तीपर्यंत त्याच फाटकातून आत येत राहिल्या, ताठ मानेने.

रेवा, आता तुझ्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. ऑफिसच्या मेलवर घरचं लिहू नकोस. वेगळा पत्ता आहे तुझा, तो वापर. ओम जे म्हणाला ते कायद्याने बरोबर असेल, मी वाद घालत नाही. पण ओम, तुला एवढंच विचारते की ज्या बाईंनी तिचा मेल छापून पुढे ठेवला, त्यांनी त्याआधी एकदा हाक मारायला काय हरकत होती? तू रेवाला फोन कर. तूच कर, ती करणार नाही.

भावजी गेल्या वर्षी गेले. मुलाने नवीन घर बांधलं तेव्हा त्याला दार बसवलं. पुष्कळांना वाटलं भावजी भांडतील. ते म्हणाले, "पोरांचं घर हाय, पोरांनी ठरवावं." आणि स्वतःच्या मुलाच्या त्या दाराबाहेर उभं राहून खाकरत राहिले, शेवटपर्यंत. त्यांच्या दिवसांना मी गेले होते. अंगणाच्या कडेला थांबले, खाकरले, आणि आतून 'या' आल्यावरच पुढे पाऊल टाकलं.

गेल्या महिन्यात कॉलेजातून फोन आला. हल्ली ते काम एक तरुण मुलगी बघते. म्हणाली, "मॅडम, जुनी खाती बंद करतोय. भाऊसाहेबांची पेटी अजून चालू आहे. सणाला शुभेच्छा येतात तिच्यात. काढून टाकू, की उघडून घरच्यांना देऊ? पण तुमचा तो नियम आहे ना, समोर बसवून विचारायचा." मी तिला थांबायला सांगितलं आणि भावजींच्या मुलीला फोन केला. बाळी आधी हसली. "काकू, त्यात बाबांचं असं काय असणार? सगळं दुसऱ्यांचंच." मग म्हणाली, "राहू दे तशीच. काढूही नका."

मी कॉलेजला तसं कळवलं. पेटी आहे. तिच्यात अजून मेल येतात, आणि ती कोणी उघडलेली नाही.